बाजूचा इंडिकेटर बदलताना वायर आत पडू देऊ नका

जुन्या पोर्शे बॉक्सटरच्या (पहिली पिढी, ९८६) पुढच्या मडगार्डवरचा छोटा इंडिकेटर बदलणं दहा मिनिटांचं काम. पण वायर हातातून सुटून आत पडली, की चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर सोडवत बसावं लागतं. उपाय आहे कपड्यांचा एक चिमटा.

१. दिव्याभोवती रंगावर मास्किंग टेप लावा. आळस करू नका, इथलाच ओरखडा रोज डोळ्यांत खुपतो.

२. दिव्याच्या एका टोकाला स्प्रिंगची क्लिप असते. अंगठ्याने दिवा त्या बाजूला दाबून सरकवा, दुसरं टोक आपोआप उचकतं. एका दिशेने हलला नाही तर उलट दिशेने दाबून बघा. टोक अडलंच तर जुनं प्लास्टिक कार्ड घाला, स्क्रू ड्रायव्हर नको.

३. दिवा जेमतेम बाहेर आला, की आधी वायरला चिमटा लावा आणि मगच बल्बचा होल्डर फिरवून काढा. चिमटा भोकातून आत जात नाही, म्हणून वायरही जात नाही.

४. नवीन दिव्यात बल्ब घालून आधी इंडिकेटर चालू करून बघा. मग चिमटा काढून क्लिप नसलेलं टोक आधी बसवा, दुसरं दाबा. टक् असा आवाज यायला हवा.

एक सांभाळा: काच नारिंगीऐवजी पांढरी घेतलीत, तर आतला ५ वॅटचा बल्ब नारिंगीच हवा.