सेडरचं आमंत्रण आलंय? मग इंग्रजीत उत्तर असं लिहा

माझा भाचा बडोद्याहून न्यू जर्सीला नोकरीला गेला आणि तिथे टीममधल्या एका ज्यू ताईंनी त्याला पासओव्हरच्या सेडरला, म्हणजे त्या ज्यू सणाच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, घरी बोलावलं, तर ह्याचा मला रात्री मेसेज, मावशी काय लिहू आणि काय नेऊ. त्याने टाइप करून ठेवलेलं, 'आय ॲम ईगरली वेटिंग'. हे नका लिहू. आपल्याला प्रेमाचं वाटतं पण वाचणाऱ्याला मागे लागल्यासारखं वाटू शकतं.

साधं लिहा, 'थँक यू सो मच फॉर इन्व्हायटिंग मी, आय ॲम रिअली लुकिंग फॉरवर्ड टू इट.' पुढे क्रियापद आलं तर आयएनजी लागतंच, म्हणजे 'टू मीटिंग युअर फॅमिली', 'टू मीट' नाही. ऑफिसच्या मेलमध्ये 'आय लुक फॉरवर्ड टू', ते जरा फॉर्मल. आणि लगेच पुढे विचारा, 'व्हॉट कॅन आय ब्रिंग?', कारण खरी गडबड इथेच होते.

ज्यूंचे पूर्वज इजिप्तच्या गुलामीतून सुटून घाईत निघाले तेव्हा कणीक फुगायला वेळच मिळाला नाही, त्याची आठवण म्हणून ह्या सणात पाव, केक, बिस्किटं घरातही ठेवत नाहीत. म्हणजे भाकरवडी, नानखटाई बाद. आपला लीलो चिवडोसुद्धा नको, त्यात चणाडाळ असते आणि युरोपातून आलेल्या बऱ्याच अश्केनाझी घरांत डाळ-तांदूळही वर्ज्य (आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू घरांत मात्र भात चालतो). फुलं न्या, काही प्रश्नच नाही.

आणि थोडं खाऊन जा हं! आधी हगादा, म्हणजे त्या सुटकेच्या गोष्टीचं पुस्तक, वाचतात, अजमोदाची काडी मिठाच्या पाण्यात बुडवून खातात, ते गुलामीतले अश्रू, मग कडू पाला, मुख्य जेवण बऱ्याच उशिरा. भेटल्यावर 'हॅपी पासओव्हर' म्हणा. योम किपूरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, मात्र हॅपी नाही, तो साधारण 25 तासांचा निर्जळी उपास असतो, तेव्हा 'हॅव ॲन ईझी फास्ट'.

सेडर संपताना सगळे म्हणतात, 'नेक्स्ट इयर इन जेरुसलेम', पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये. मग निघताना दारात कोणी 'कम अगेन नेक्स्ट इयर' म्हणालं तर नुसतं थँक यू नका म्हणू, म्हणा, 'आय विल लुक फॉरवर्ड टू इट.'