रॅम मागण्याआधी अप टाइम बघा

डेस्कटॉप सपोर्टला लागलात की ही तक्रार पहिल्याच आठवड्यात येणार: "पीसी हँग होतोय, रॅम वाढवून द्या." टास्क मॅनेजर उघडून मेमरीप्रमाणे क्रम लावायला तुम्हाला शिकवायला नको. क्रोमचे ढीगभर टॅब नाहीतर एखादी अवाढव्य एक्सेल फाइल वर दिसते. बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

मी अडकलो ते पुढच्या प्रकारात. ८ जीबीच्या मशीनवर जवळपास ७ जीबी वापरात, पण प्रोसेसची बेरीज ३ जीबीच्याही पुढे जाईना. अकाउंट्समधल्या मॅडम ठामपणे सांगत होत्या, "अहो, मी रोज शटडाउन करूनच घरी जाते." त्या खरं तेच सांगत होत्या. तरी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूवर क्लिक केलं, तर अप टाइम, म्हणजे विंडोज नव्याने सुरू झाल्यापासूनचा वेळ, २३ दिवस!

हे नीट समजून घ्या. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असलं की शटडाउन करताना प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तसाच्या तसा उचलला जातो. एखाद्या ड्रायव्हरने अडवून ठेवलेली मेमरीही त्याच्यासोबत परत येते, आणि ड्रायव्हर प्रोसेसच्या यादीत दिसतच नाही. रीस्टार्ट केल्यावर मात्र कर्नल नव्याने सुरू होतो. म्हणून "बंद करून चालू केलं का?" असं विचारूच नका. "रीस्टार्ट केलं का?" असं विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी अप टाइम स्वतः बघा.

रीस्टार्टने मेमरी सुटली म्हणून तिकीट बंद करू नका. परफॉर्मन्समधल्या मेमरीच्या पानावर नॉन-पेज्ड पूलचा (कर्नल आणि ड्रायव्हर वापरतात ती, डिस्कवर न हलवता येणारी मेमरी) आकडा असतो, तो लिहून ठेवा. एरवी तो काहीशे एमबी असतो. रोज चढत जीबीत गेला, तर ड्रायव्हर मेमरी लीक करतोय, म्हणजे घेतलेली परत सोडत नाही, असं समजा. मग पूलमॉन चालवा, हे पूलमधली मेमरी कुणी घेतली ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल. नुसते आकडे पळताना दिसतील, घाबरू नका, पहिल्यांदा सगळ्यांचं तसंच होतं. 'पी' दाबून नॉन-पेज्डवर या, 'बी' दाबून बाइट्सप्रमाणे लावा आणि सगळ्यात वरचा टॅग (मेमरी घेणाऱ्याची छोटी अक्षरी खूण) ड्रायव्हर्स फोल्डरमधल्या फाइलींत शोधा. मी आधी नेटवर्क कार्ड आणि अँटिव्हायरसवर संशय घेतो.

सीनियर म्हणतील, "फॉरमॅट मार." ऐकू नका. कंपनीच्या त्याच इमेजमधून (सगळ्या पीसींवर टाकतात त्या तयार विंडोजच्या प्रतीतून) तोच ड्रायव्हर परत येतो आणि महिन्याभरात तुम्ही पुन्हा त्याच टेबलापाशी. रॅम क्लीनर तर कुणाच्याही मशीनवर टाकू नका. ते चालू प्रोग्रॅमची मेमरी जबरदस्तीने काढून घेतात. आकडा खाली येतो, पण तो प्रोग्रॅम वापरायला घेतला की सगळं पुन्हा भरावं लागतं, बऱ्याचदा डिस्कवरून.

नवी रॅम जरूर मागा, पण लीक नाही याची खात्री करून, आणि नेहमीच्या कामातही मेमरीच्या पानावरचा कमिटेडचा (विंडोज आणि प्रोग्रॅमना कबूल केलेल्या एकूण मेमरीचा) आकडा बसवलेल्या रॅमच्या पुढेच राहत असेल तर.