बेस गिटारवर दोन हातांनी टॅपिंग करताय? या चुका टाळा

टॅपिंग म्हणजे तार न छेडता बोट थेट तिच्यावर मारून सूर काढणं. आवाज येत नाही म्हणून जोर लावताय ना, तिथेच गडबड आहे. मी गिरगावात चाळीत राहतो, रात्री दहानंतर अँप (बेसचा आवाज मोठा करणारा स्पीकर) लावायची सोय नाही, म्हणून सहा महिने नुसता बेस मांडीवर घेऊन टॅपिंग करत बसलो, ऐकू यावं म्हणून बोटं आपटायची सवय लागली आणि अँपला जोडल्यावर सूर कमी, खटखट जास्त. हेडफोन लावूनच बसा.

बोट फ्रेटच्या पट्टीला (नेकवरची, म्हणजे बेसच्या लांब दांड्यावरची, आडवी धातूची पट्टी) लागून, नटच्या (खुंट्यांकडच्या टोकाची खाचांची पट्टी) बाजूला, उभं पडायला हवं. दोन पट्ट्यांच्या मधोमध मारलं तर सूर बसकाच येणार. आणि मारून लगेच उचलू नका, ते तबल्यावर ठीक, इथे पेटीसारखं आहे, दाबलंय तोवर सूर.

आता सी मेजर सेव्हन हा कॉर्ड (सुरांचा गट) घ्या. डाव्या हाताने ए तारेवर तिसरा फ्रेट (सी), मग डी तारेवर पाचवा (जी), उजव्याने डी तारेवरच नववा (बी) आणि शेवटी जी तारेवर नववा (ई). परत येताना सगळे अडकतात ते बी वरून जी वर, कारण दोन्ही एकाच तारेवर आहेत. उजवं बोट सरळ वर उचललं की जी जवळजवळ ऐकूच येत नाही, ते जरा बाजूला ओढत सोडायचं, आणि डावं बोट आधीपासून पाचव्यावर घट्ट हवं. नुसते आकडे पाठ करू नका प्लीज, उजव्या हाताची दोन्ही बोटं एकेक फ्रेट मागे आणली की सी मायनर सेव्हन होतो, हे कळलं की मजा येते!

बाकीच्या तारा गुणगुणत असतील तर लोकलमध्ये मिळतं ते केसांचं कापडी रबर पहिल्या फ्रेटजवळ गुंडाळा, या पॅटर्नमध्ये मोकळी तार लागतच नाही.

पावसाळ्यात दमट हवेने नेक हलतो, मे महिन्यात दाबायला हलका वाटलेला बेस ऑगस्टमध्ये जड लागू शकतो. बाराव्या फ्रेटवर तार अडीच मिलिमीटरच्या बरीच वर असेल तर आधी सेटअप (तारांची उंची आणि नेक जुळवणं) करून घ्या, उगाच बोटांना दोष नको. मनगट दुखलं तर त्या दिवशी थांबा.

कॉम्प्रेसर (मोठे-बारीक आवाज सारखे करणारा इफेक्ट) सुरुवातीला बंदच ठेवा, तो कमीजास्त आवाज झाकतो. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक सूर, फोनवर रेकॉर्ड करून ऐका. उजव्याचा ई मोठा आणि डाव्याचा सी बारीक येत असेल तर उजव्याचा जोर कमी करा, डाव्याचा वाढवू नका.