कॉलेजातला कोपरा प्रो कबड्डीच्या लायकीचा आहे का, हे कसं ओळखावं

पोरगा कॉलेजच्या कबड्डी संघात डावा कोपरा, म्हणजे बचावाच्या रांगेतलं डावीकडचं टोक, सांभाळतो, परवाच्या सामन्यात सहा पकडी केल्या, तर प्रो कबड्डीच्या निवड चाचणीला पाठवू का? दिवाळीनंतर लाल मातीची मैदानं चोपून तयार झाली की पालक आणि गावच्या मंडळाचे कार्यकर्ते हाच प्रश्न घेऊन येतात. मी कोपऱ्यातच खेळलो, आता चिपळूणच्या बाजूला कॉलेजच्या पोरांना शिकवतो. माझं सांगणं असं की आधी पकडी मोजायचं सोडा आणि रिकाम्या चढाया बघा.

कारण सांगतो. चढाईपटू तीस सेकंद फिरून हात हलवत परत गेला, तर गुणपत्रकात कुणाच्याच नावावर काही लागत नाही. पण तो परत का गेला? पुष्कळदा कोपऱ्याने अर्धं पाऊल पुढे टाकून त्याची बोनसची, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून जादा गुण घ्यायची, वाट बंद केलेली असते, आणि त्याने पाय आत घालायच्या आत हा पुन्हा मागे सरकलेला असतो. अशा दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की प्रो कबड्डीत तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. मग तो नाइलाजाने आत शिरतो आणि कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभा असलेला मध्यरक्षक त्याला उचलतो. टाळ्या मध्यरक्षकाला मिळतात, पण ती पकड कोपऱ्याने दोन चढाया आधीच शिजवलेली असते. हे काम ज्याला जमतं, तो वरच्या पातळीवर टिकतो.

बघायचं कसं, तर अंतिम रेषेच्या मागे, त्या पोराच्या पाठीशी तिरकं उभं राहा. मोबाईलवर चित्रण करायचं असेल तर तेही तिथूनच. चढाईपटूकडे बघू नका, नजर आपोआप तिकडे ओढली जाते. पोराचे पाय बघा. टाचा टेकवून उभा असेल तर त्याला सुटायला वेळ लागणार. मागे हटताना पायात पाय अडकवत असेल तर चांगला चढाईपटू दुसऱ्याच हुलीला त्याला टिपणार. शेजारच्याचा हात धरून साखळीत उभा असताना तो हात नेमका कधी सोडतो, तेही बघा. उशिरा सोडणारा शेजाऱ्यालाही घेऊन बाद होतो.

आता घोट्याची पकड. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस मिळतो, आणि तो घेताना चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत असावा लागतो. म्हणजे त्या क्षणी सगळं अंग एका पायावर. हीच कोपऱ्याची वेळ. खाजणातला बगळा जसा मासा टप्प्यात येईपर्यंत हलत नाही, तसं थांबता आलं पाहिजे. पाय पडायच्या आधीच झेप घेतो, त्याला आपल्याकडे ‘अ‍ॅडव्हान्स गेला’ म्हणतात. प्रत्येक सामन्यात अशा झेपा किती, ते वहीत वेगळं लिहा. प्रो कबड्डीत नावाजलेल्या कोपऱ्यांच्याही निम्म्याच्या आसपासच पकडी यशस्वी ठरतात. तुमचा पोरगा दहातल्या आठ धरत असेल, तर आधी समोर कोण होतं ते विचारा. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत पुष्कळ संघांत एकच खरा चढाईपटू असतो. फक्त त्या चढाईपटूच्या चढाया हिशेबात धरा, बाकीच्या सोडून द्या.

घोटा हातात आल्यावरचे पुढचे दोन सेकंदही तितकेच महत्त्वाचे. निदान रेषेपासून, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते त्या रेषेपासून, मध्यरेषा पावणेचार मीटरवर आहे, आणि उंच चढाईपटूने सूर मारला की त्यातलं निम्म्याहून जास्त अंतर एका झेपेत संपतं. पोरगा पाय वर उचलून मागे ओढतो, की नुसता पायावर आडवा पडून मदतीची वाट बघतो? दुसऱ्या प्रकारचा गडी तालुक्यात चालतो, वर चालत नाही.

मातीवरचा खेळ बघून निर्णय देऊ नका. आपल्याकडे अनवाणी पायांनी मातीवर खेळलेली पोरं मॅटवर बूट घालून उतरली की पहिले काही आठवडे अडखळतात. मॅटवर समोरच्याचा पायही घसरत नाही, तो जागच्या जागी वळतो, त्यामुळे झेपेची वेळ बदलते. मॅटवरचे निदान तीन-चार सामने बघाच.

अव्वल पकडींनी भुलू नका. तीन किंवा कमी बचावपटू असताना पकड झाली तर एक गुण जादा मिळतो, म्हणून आकडा फुगतो. मैदानात वारंवार तिघेच का उरत होते, हा प्रश्न आधी.

वजनाचं थोडक्यात: वरिष्ठ पुरुष गटाची मर्यादा ८५ किलो आहे आणि कॉलेजातली आपली पोरं बहुधा बरीच हलकी असतात. वजन वाढवता येतं. गुडघा आणि खांदा मात्र नीट तपासून घ्या, कारण जुनी दुखापत पोरं लपवतात. उंची कमी म्हणून कुणाला काढू नका.

बाद होऊन बाकावर बसलेला पोरगा परत आत आला की त्याच्यासमोर होणारी पहिली चढाई जरूर बघा. भरपाई करायला लगेच झेप घेतो का? शेवटच्या पाच मिनिटांत, दम लागल्यावर, टाचा खाली येतात का? माझ्या वहीत या दोन नोंदी पकडींच्या आकड्याच्या वर असतात.

पोराला दाखवायचं असेल तर इराणचा डावा कोपरा फजल अत्राचली दाखवा, पण तो पकड करत नाही त्या चढाया दाखवा. उजव्या कोपऱ्यासाठी तर आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातला शुभम शिंदे आहे.

प्रो कबड्डीचे संघ काही तरुण खेळाडू लिलावाबाहेर थेट करारबद्ध करतात, तो आपल्या पोरांसाठी सरळ रस्ता. ते जमलं नाही तरी मुंबईतले व्यावसायिक संघ आहेतच. कुठेही पाठवताना जन्मतारखेचा पक्का दाखला जोडा आणि चित्रण पूर्ण चाळीस मिनिटांचं द्या. निवडक पकडी जोडून, गाणं लावून केलेली चित्रफीत जाणकाराला काहीच सांगत नाही. तगड्या संघाविरुद्ध हरलेला सामना असेल, तर तोच पाठवा.