पाइन ब्यूटी पतंग शोधायचाय? मग आधी विलोची झाडं बघा

पाइन ब्यूटी (शास्त्रीय नाव पॅनोलिस फ्लॅमिया) हा युरोपातल्या पाइनच्या जंगलांतला पतंग, पंख पसरल्यावर साधारण ३ ते ४ सेंमी, आणि दिसायला फारच देखणा. पण बरेच जण दिवसाढवळ्या पाइनच्या फांद्या धुंडाळतात आणि हात हलवत परत येतात, कारण हा पंख मिटून कळ्यांना चिकटून बसतो आणि त्याचा विटकरी-केशरी रंग कळीच्या रंगात असा मिसळतो की नाकासमोर असला तरी कळत नाही.

त्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये, पाइनच्या जवळपास सॅलो नावाचा विलो फुललेला असतो ना, तिथे जा. वारा नसलेली, जरा उबदार आणि ढगाळ संध्याकाळ निवडा. अंधार पडला की हे पतंग त्या पिवळ्या मऊ फुलोऱ्यांवर मध प्यायला येतात. फांदीखाली पांढरी चादर पसरायची, आधी टॉर्चने हळूच फुलं बघून घ्यायची आणि मग फांदीला एकच हलका झटका द्यायचा, जोरात नको, फुलं तुटतात. तिथे क्वेकर वगैरे तपकिरी-राखाडी पतंगही पडतात, त्यांत पाइन ब्यूटी लगेच उठून दिसतो: केशरी पंख आणि त्यावर दोन फिकट पांढरट ठिपके, एक गोल, दुसरा मोठा आणि लांबट. फोटो काढा आणि तिथेच सोडून द्या. विलो नसेल तर लाइट ट्रॅप (दिव्याने पतंग ओढून घेणारा सापळा) लावा, दिव्यालाही येतात.

अळ्या बघायच्या तर जून-जुलै. मादी जुन्या पानांवर रांगेत अंडी घालते, पण नुकत्या निघालेल्या अळ्यांना कोवळी पानंच लागतात, म्हणून नवीन फुटव्याखाली उलटी छत्री धरून फांदीवर काठी आपटा. हिरवी अळी, अंगावर पांढरे पट्टे आणि बाजूने एक केशरी रेघ, म्हणजे हीच. झाडावर मात्र ती सुईसारख्या पानाला समांतर पडून राहते, तिथे शोधणं खरंच अवघड आहे.

हिवाळ्यात कोष झाडाखाली, पडलेल्या पानांच्या थरात असतात. थर हाताने हळू उचला, खालच्या मातीशी जिथे तो मिळतो तिथे बघा, आणि होता तसा परत पसरा. स्कॉटलंडमध्ये सदरलंड भागात १९७६ साली या अळ्यांनी लॉजपोल पाइनच्या लागवडी फस्त केल्या होत्या (लॉजपोल मूळचा उत्तर अमेरिकेचा, तिथे मुद्दाम लावलेला), त्यानंतर जंगल खात्याची माणसं असेच कोष मोजून पुढच्या उन्हाळ्यात अळ्या किती होतील याचा अंदाज बांधायची. त्यामुळे एखाद्या लागवडीत तुम्हाला कोष खूपच जास्त दिसले तर तिथल्या जंगलवाल्यांना नक्की कळवा.