आयईएलटीएसच्या वाचन विभागाची तयारी: या चुका टाळा

पंधरा-पंधरा सराव प्रश्नसंच सोडवूनही वाचन विभागातले गुण ४० पैकी २४-२५ च्या पुढे सरकत नाहीत, ही तक्रार आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. अशा विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका समोर घेऊन एकेक चूक तपासली, तर इंग्रजी कच्चे असल्यामुळे गेलेले गुण मला बहुधा थोडेच आढळतात. बाकीचे गुण उतारा कसा वाचला, प्रश्नाचा अर्थ काय लावला आणि उत्तर कोणत्या रूपात लिहिले, या तीन ठिकाणी गळालेले असतात. अशा वेळी सोळावा संच सोडवून काहीही हाती लागत नाही, कारण संच सोडवल्याने गुण किती पडतात एवढेच कळते, ते का गेले हे कळत नाही.

आधी परीक्षेची चौकट नीट पाहावी. परीक्षेचे ॲकॅडेमिक आणि जनरल ट्रेनिंग असे दोन प्रकार आहेत. वेळ ६० मिनिटे असतो आणि प्रश्न ४० असतात. ॲकॅडेमिक परीक्षेत तीन मोठे उतारे येतात आणि त्यांची एकूण लांबी साधारण २,१५० ते २,७५० शब्दांची असते. जनरल ट्रेनिंगमध्ये सूचना, जाहिराती, नोकरीच्या ठिकाणची माहितीपत्रके असे छोटे मजकूर आधी येतात आणि शेवटी एक मोठा उतारा असतो. आपली परीक्षा यांपैकी कोणती, याची खात्री न करता हाताला लागेल तो संच सोडवणारे विद्यार्थी कमी नाहीत. ॲकॅडेमिकमध्ये ३० उत्तरे बरोबर आली तर साधारण ७ बँड (९ पैकी श्रेणी) मिळतो, तर जनरल ट्रेनिंगमध्ये तेवढ्याच उत्तरांना साधारण ६ बँड मिळतो. त्यामुळे चुकीच्या प्रकारच्या संचावरून बांधलेला अंदाज ऐन परीक्षेत दगा देतो.

शब्दाला शब्द जुळवण्याची सवय

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. प्रश्नातला एखादा ठळक शब्द डोक्यात धरायचा, तोच शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो सापडलेल्या वाक्यातून उत्तर उचलायचे, ही पद्धत वेळ वाचवणारी वाटते. प्रत्यक्षात प्रश्न तयार करणारे मूळ मजकुराचा अर्थ जाणीवपूर्वक वेगळ्या शब्दांत मांडतात. उताऱ्यात ‘अर्ली इयर्स’ असेल तर प्रश्नात ‘चाइल्डहुड’ येते. उताऱ्यात ‘स्केअर्स’ (दुर्मीळ) असेल तर प्रश्नात ‘इन शॉर्ट सप्लाय’ येते. उलट, चुकीच्या पर्यायांमध्ये मात्र उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे पेरलेले असतात. म्हणून एखादा पर्याय उताऱ्याशी हुबेहूब जुळत असेल, तर तो निवडण्याआधी ते वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

नावे, वर्षे आणि आकडे सहसा बदलता येत नाहीत, म्हणून जागा शोधण्यासाठी त्यांचा आधार घेणे योग्यच आहे. जागा सापडल्यावर मात्र शोध थांबवून वाचन सुरू केले पाहिजे. त्या वाक्याच्या मागचे एक आणि पुढचे एक, अशी किमान तीन वाक्ये सावकाश वाचावीत.

याच कारणाने शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करण्याचा फायदा बेताचाच होतो. सोडवलेल्या प्रत्येक संचातून ‘उताऱ्यातला शब्दप्रयोग’ आणि ‘प्रश्नातला शब्दप्रयोग’ अशा दहा-बारा जोड्या वहीत उतरवल्या, तर परीक्षेत तोच बदल ओळखू येऊ लागतो. अपरिचित शब्द दिसला म्हणून अडून बसण्याचेही कारण नाही, कारण खरोखरच तांत्रिक शब्द असेल तर त्याचा साधा अर्थ उताऱ्याखाली दिलेला असतो.

‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’ यांतला घोळ

दिलेले विधान उताऱ्यानुसार बरोबर (‘ट्रू’), चूक (‘फॉल्स’) की उताऱ्यात त्याविषयी माहितीच नाही (‘नॉट गिव्हन’), हे ठरवायला सांगणाऱ्या या प्रश्नप्रकाराची धास्ती जवळजवळ प्रत्येकाला असते, म्हणून एक उदाहरण बारकाईने पाहू. समजा, उताऱ्यात असे लिहिले आहे: ‘या बेटावरील बहुतेक पक्षी हिवाळ्यात दक्षिणेकडे जातात, काही थोडे पक्षी मात्र वर्षभर तेथेच राहतात.’ पहिले विधान असे आहे: ‘बेटावरील सर्व पक्षी हिवाळ्यात बेट सोडून जातात.’ काही पक्षी तेथेच राहतात, असे उतारा स्पष्ट सांगतो, म्हणून उत्तर ‘फॉल्स’. दुसरे विधान असे आहे: ‘हिवाळ्यात अन्न कमी पडते म्हणून पक्षी बेट सोडतात.’ येथे अनेक जण ‘ट्रू’ लिहितात, कारण पक्षी अन्नासाठी स्थलांतर करतात हे आपण शाळेपासून ऐकलेले असते. उताऱ्याने मात्र कारणाविषयी एक अक्षरही काढलेले नाही, म्हणून उत्तर ‘नॉट गिव्हन’.

गोंधळ झाला की स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे विधान खोडून काढणाऱ्या नेमक्या शब्दांवर मला बोट ठेवता येते का? ठेवता आले, तर ‘फॉल्स’. विधानाला दुजोरा देणारेही काही सापडत नाही आणि खोडून काढणारेही काही सापडत नाही, तर ‘नॉट गिव्हन’. ‘ऑल’, ‘मोस्ट’, ‘ओन्ली’, ‘ऑलवेज’, ‘मे’, ‘फर्स्ट’ अशा लहान शब्दांखाली आधीच रेघ ओढून ठेवावी, कारण विधानाचा निकाल बहुधा त्यांच्यावरच लागतो. या प्रकारची उत्तरे उताऱ्यात प्रश्नांच्याच क्रमाने येतात, हेही ध्यानात ठेवावे. चौथ्या आणि सहाव्या प्रश्नाची जागा सापडली असेल, तर पाचव्याचा शोध त्या दोन जागांच्या दरम्यानच घ्यायचा असतो. तेथे काहीच मिळाले नाही, तर सगळा उतारा पुन्हा चाळण्याऐवजी ‘नॉट गिव्हन’ लिहून पुढे जावे.

मात्र हा क्रम सगळीकडे पाळला जात नाही. कोणती माहिती कोणत्या परिच्छेदात आहे हे विचारणाऱ्या प्रश्नांत क्रम नसतो, त्यामुळे ते त्या उताऱ्यावरच्या बाकीच्या प्रश्नांनंतर, शेवटी सोडवणे सोयीचे जाते. तोपर्यंत उतारा बराचसा डोळ्यांखालून गेलेला असतो.

शीर्षके जुळवताना

काही प्रश्नांत दिलेल्या यादीतून प्रत्येक परिच्छेदाला योग्य शीर्षक निवडायचे असते. त्यासाठी परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचून शीर्षक ठरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धवट आहे. अनेक परिच्छेद आधी प्रचलित समजूत सांगतात आणि ‘हाउएव्हर’ किंवा ‘बट’ या शब्दापाशी वळून लेखकाचा खरा मुद्दा मांडतात. पहिल्या वाक्यावर विसंबणारा नेमका तेथे फसतो. परिच्छेद पूर्ण वाचून, शीर्षकांच्या यादीकडे न पाहता, तो कशाविषयी आहे हे मनातल्या मनात एका ओळीत सांगावे आणि मगच यादी पाहावी. परिच्छेदातल्या एखाद्याच तपशिलाशी जुळणारे शीर्षक हमखास चुकीचे असते.

उत्तर माहीत असूनही गुण जातो तेव्हा

सूचनेत ‘नो मोअर दॅन टू वर्ड्स’ असे लिहिलेले असताना तीन शब्द लिहिले, तर आशय बरोबर असूनही उत्तर चूक ठरते. समजा, मर्यादा एका शब्दाची आहे, उताऱ्यात ‘ड्राइड रीड्स’ आहे आणि प्रश्नातले वाक्य ‘रूफ्स वेअर मेड फ्रॉम ड्राइड’ एवढे होऊन पुढे रिकामी जागा आहे. येथे उत्तर फक्त ‘रीड्स’ इतकेच हवे. प्रश्नात आधीच असलेला शब्द पुन्हा लिहिला की मर्यादा ओलांडली जाते. शेवटचा अनेकवचनाचा ‘एस’ गाळणे आणि समोर दिसणारा शब्द उतरवतानाही स्पेलिंग चुकवणे, या दोन्ही कारणांनी गुण जातो. ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन्ही स्पेलिंगे चालतात, जोडरेघेने जोडलेला शब्द एकच शब्द मानला जातो. लिहून झाल्यावर संपूर्ण वाक्य रिकाम्या जागेसह एकदा वाचून पाहावे. व्याकरण अडखळले तर उत्तरात काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

वेळेचा हिशेब

कागदी परीक्षेत श्रवण विभागानंतर उत्तरे उतरवण्यासाठी १० मिनिटे वेगळी मिळतात. वाचन विभागात तशी सवलत नाही, आणि हे न कळल्यामुळे शेवटच्या मिनिटात प्रश्नपत्रिकेवरची उत्तरे तशीच राहून गेलेली मी पाहिली आहेत, याची आजही हळहळ वाटते. उत्तरे थेट उत्तरपत्रिकेवरच लिहावीत. संगणकावर परीक्षा द्यायची असेल, तर सरावही पडद्यावरच करावा, कारण कागदावर रेघा ओढत वाचण्याची सवय तेथे उपयोगी पडत नाही.

ॲकॅडेमिकमधला तिसरा उतारा सहसा सर्वांत कठीण असतो, म्हणून प्रत्येकी २० मिनिटांऐवजी १७, २० आणि २३ मिनिटे अशी विभागणी मला अधिक सोयीची वाटते. एका प्रश्नावर दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ गेला, तर खूण करून पुढे जावे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी ठेवू नये.

गुण अडकले असतील तर

एक संच घड्याळ न लावता सोडवावा. वेळ लावून २५ आणि वेळ न लावता ३४ गुण येत असतील, तर आकलन ठीक आहे आणि वेग वाढवायचा आहे. अशा विद्यार्थ्याने एकेक उतारा १८ मिनिटांत सोडवण्याचा सराव करावा. दोन्ही वेळा २५ च येत असतील, तर वेगाच्या मागे लागणे व्यर्थ आहे. संच काही दिवस बाजूला ठेवून रोज एक लेख वाचावा आणि प्रत्येक परिच्छेदाचा आशय एका वाक्यात लिहावा.

त्यासोबत चुकांची वही ठेवावी. प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे बरोबर उत्तर लिहून थांबू नये, तर चार कारणांपैकी एक नोंदवावे: जागा सापडली नाही, जागा सापडली पण अर्थ चुकला, उत्तराचे रूप चुकले, किंवा वेळ संपला. तीन-चार संचांनंतर पान उलटून पाहिले, की यांपैकी एकाच कारणाची रांग लागलेली दिसते, आणि पुढच्या आठवड्याचा सराव फक्त त्याच कारणावर करता येतो.