नॉमिनीचे नाव माहेरचे, आधार सासरचे : अडलेला मृत्युदावा असा सुटला

लक्षण : भावाच्या आयुर्विमा पॉलिसीत बहीण नॉमिनी, नाव लग्नाआधीचे. आता आधार, पॅन, बँक खाते सगळे सासरच्या नावाने. दावा 'नावात तफावत' म्हणून परत.

नुसते आधार दिले, चालले नाही. त्यावर फक्त आजचे नाव असते. नुसते प्रतिज्ञापत्रही फेटाळले. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची, याला स्वतंत्र पुरावा लागतो. चकरा वैताग आणणाऱ्या.

चालले ते याच क्रमाने. आधी शाळा सोडल्याचा दाखला : माहेरचे नाव आणि जन्मतारीख. मग विवाह नोंदणी प्रमाणपत्र, ज्यात माहेरचे नाव आहे (नोंदणी राहिली असेल तर उशिरानेही होते). तिसरे आधार, जन्मतारीख दाखल्याशी जुळलीच पाहिजे, नसेल तर आधी ती दुरुस्त करा. त्यानंतरच प्रतिज्ञापत्र, महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून त्याला 100 ऐवजी 500 रुपयांचा मुद्रांक. पॉलिसीवरचे नाव अक्षर न् अक्षर तसेच, चुकीच्या स्पेलिंगसकट, मग 'ऊर्फ' लिहून सध्याचे. दावा अर्जातही हाच मजकूर. रद्द केलेला चेक मात्र सध्याच्या नावाचा.

सोबत मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी आणि कागदांची यादी असलेले पत्र. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. चौकशीची गरज नसलेला मृत्युदावा 15 दिवसांत निकाली काढावा, असा विमा नियामक इर्डाचा 2024 चा नियम आहे.

बहीण विमा कायद्याच्या कलम 39 मधल्या 'लाभार्थी नॉमिनी'त (ज्यांना पैसे स्वतःचे म्हणून मिळतात) येत नाही. त्यात आईवडील, जोडीदार, मुलेच. म्हणजे पैसे तिच्या हाती आले तरी कायदेशीर वारसांचा हक्क राहतो.